चिंचेतला कोळी, माझा फणसांबा

आयुष्यात मी पुष्कळांचा हेवा केला. जावेच्या हातच्या चवीचा केला, शेजारणीच्या लांबसडक केसांचा केला, एका बाईच्या तर निव्वळ झोपेचा केला, कारण ती कुठेही पाठ टेकली की दोन मिनिटांत घोरायला लागायची. पण पहिला आणि सगळ्यांत जळजळीत हेवा मी केला तो एका कोळ्याचा. तेव्हा मी तेरा वर्षांची होते, आम्ही मद्रासला राहत होतो, आणि तो कोळी आमच्या क्वार्टरमागच्या चिंचेच्या ढोलीत राहत होता. आता सत्तरी उलटली म्हणून हे सांगायची लाज वाटत नाही असं नाही. वाटते. तरी सांगते.

पन्नास-साठच्या दरम्यानचा काळ. बाबा रेल्वेत होते, पण गाड्यांशी त्यांचा संबंध फक्त रुळांखालून. रुळांखाली आडवे टाकतात ते लाकडी स्लीपर तपासायचं त्यांचं काम. एन्नोरच्या वाटेवर, खाऱ्या वाऱ्यात, लाकडाचा मोठा डेपो होता. तिथे ऐनाचे, किंजळाचे स्लीपर रचलेले असायचे आणि बाबा दिवसभर हातात हातोडी घेऊन त्यांच्यामधून फिरायचे. एका स्लीपरला चार ठोके. दोन्ही टोकांना एकेक, आणि मधे दोन्ही अंगांना एकेक. 'टण' वाजलं की लाकूड चांगलं. 'थप' वाजलं की आत कुजलेलं. कुजलेल्यावर गेरूची फुली मारायची.

पण एका 'थप'वर फुली मारायची नाही, हा बाबांचा नियम. चारही ठोके ऐकायचे आणि चारही सांगायचे. एकाच टोकाला कूज असली तर तेवढं कापून उरलेला तुकडा छोट्या कामाला चालतो. "अर्धं सांगणाऱ्यापेक्षा मुकाट बसणारा बरा," असं ते डेपोतल्या नव्या लोकांना सांगत. घरी मला सांगत. मला त्यांनी डेपोतल्या लोहाराकडून एक छोटी हातोडी करून आणली होती, बाभळीच्या दांड्याची. भावंड मला नव्हतं, त्यामुळे वाटणीचा प्रश्न नव्हता. मी घरातली दारं ठोकायची, पाट ठोकायची, आईचं पोळपाट ठोकायची. आई म्हणायची, "कार्टे, पोळपाट पास झालं असेल तर दे इकडे, पोळ्या खोळंबल्यात."

आणि माझा एक फणसांबा होता. चिंचेच्या बुंध्याला, मागच्या बाजूला, जमिनीपासून हातभर वर, घोड्याच्या खुरासारखी एक कडक अळंबी उगवली होती. वरून काळपट, खालून मोहरीच्या रंगाची. आमच्याकडे रत्नागिरीला अशी अळंबी फणसावर येते, म्हणून तिला फणसांबा म्हणतात, आणि तोंड आलं की ती सहाणेवर उगाळून जिभेला लावतात. आईनं चिंचेवरच्या या पाहुण्यालाही तेच नाव दिलं. बाबांनी मला सांगितलं होतं की बाहेर दिसतो तो नुसता सज्जा, खरा फणसांबा आत लाकडात पसरलेला असतो, डोळ्यांना न दिसणाऱ्या धाग्यांनी. वर्षाला तो एक वळी वाढतो. मी दर महिन्याला दोऱ्यानं त्याचा घेर मोजायची आणि गाठ मारून दोरा तिथेच सोडायची. संध्याकाळी बाबा डेपोतून आले, पायातले बूट काढले, की विचारायचे, "काय बायो, काय म्हणतोय तुझा फणसांबा?" दिवसभरात माझ्यासाठी महत्त्वाचं वाक्य हे एवढंच. फणसांबा काही म्हणत नसे, मीच काहीतरी रचून सांगायची.

मग तो डबा आला.

पूर्व घाटातून आलेल्या एका पोकळ ओंडक्यात डेपोच्या लोकांना एक कोळी सापडला. ते त्याला मारणार तेवढ्यात बाबांनी त्याला बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात घातला, झाकणाला भोकं पाडली, आणि घरी आल्या आल्या डबा माझ्या हातात दिला. "बायो, तुझ्यासाठी आणलंय. सावकाश उघड." हे नीट लक्षात ठेवा, तो माझ्यासाठी आणला होता. मी उघडला. आत माझ्या पंजाएवढा, करड्या केसांचा, पाठीवर पानासारखी नक्षी असलेला एक जीव होता. त्यानं पुढचे दोन पाय वर उचलले आणि त्या पायांची खालची बाजू हळदीसारखी पिवळीधमक दिसली. इंग्रजीत ज्यांना टॅरंटुला म्हणतात त्यांच्यातली ही झाडावर राहणारी जात, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. त्या दिवशी मी फक्त किंचाळले. डबा खाली, कोळी फरशीवर, मी टेबलावर.

किंचाळी ऐकून शेजारची मुलगी धावत आली. माझ्याहून वर्षानं लहान, काडीसारखी, दोन वेण्यांत अबोलीचा गजरा. तिचे वडील रेल्वेतच कारकून. ते तंजावरकडचे मराठी. तीनशे वर्षांमागे पूर्वज आले ते तिथेच राहिले, आणि भाषाही त्यांनी तेव्हाचीच जपून ठेवली, वरून तमिळचा हेल. आई म्हणायची, "ही माणसं बोलतात की पोथी वाचतात, कळत नाही." ती मुलगी मला अक्का म्हणायची. तिनं आल्या आल्या कट्ट्यावरची चाळण उचलली आणि कोळ्यावर पालथी घातली.

"अय्यो अक्का, भिऊं नको," ती म्हणाली. "तेच बिचारं भिऊंलागलंय."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. ती नजर मला ठाऊक होती. कठीण स्लीपरचा निकाल मी बरोबर सांगितला की ती माझ्याकडे वळायची. आता ती चाळणीशेजारी उकिडव्या बसलेल्या त्या काडीकडे वळली होती. मी टेबलावरून उतरले, पण उशीर झाला होता. आईनं ती चाळण पुन्हा स्वयंपाकघरात घेतली नाही, आणि ते नुकसानही मी मनातल्या मनात त्या मुलीच्याच नावावर मांडलं.

कोळी चिंचेच्या ढोलीत सोडला. छातीएवढ्या उंचीवर एक फांदी कधीतरी मोडली होती, तिथे ती ढोल होती, बरोबर शेजारच्यांच्या कौलांच्या बाजूला. कोळ्यानं दोन दिवसांत तोंडाशी जाळीचा पडदा विणला आणि संसार थाटला. हात लावायचा नाही, चावला तर फार दुखतं, हे बाबांनी बजावलं होतं. ती मुलगी खराट्याच्या काडीला झुरळ टोचून ढोलीशी धरायची. दिवेलागणीला पडदा हलायचा, एक पाय बाहेर यायचा, मग दुसरा. आणि बाबा, माझे बाबा, बूट न काढता सरळ झाडाखाली जायचे.

"मामा, आज दोन झुरळं खाल्ली!"

"दोन? शाबास."

फणसांब्याची चौकशी बंद झाली. पहिले आठ दिवस मी दाराशी उभी राहून वाट पाहिली. मग स्वतःच जाऊन सांगितलं, "बाबा, फणसांबा दोराभर वाढला." बाबा ढोलीकडे बघत म्हणाले, "हो का? छान." त्या 'छान'मध्ये काही नव्हतं. मी ठोकून पाहिलं असतं तर थप वाजलं असतं.

कॉलनीतून माणसं कोळी बघायला यायला लागली. पोस्टमन सायकल टेकवून बघून गेला. एक मास्तर तर टी. नगरहून बस बदलून आले. मी त्यांना अदबीनं झाडाच्या मागे नेलं आणि फणसांबा दाखवला. ते वाकले, चष्मा सावरला, "झाडाला काहीतरी लागलंय वाटतं," म्हणाले आणि परत पुढे गेले. अंगाचा नुसता तिळपापड झाला. माझा चार वर्षांचा फणसांबा, चाळीसच्या वर गाठी मारलेला, आणि तो म्हणे काहीतरी! कोळ्याला काय, पाय होते. तो उचलायचा आणि लोक 'अय्यो' करायचे. फणसांब्यानं कोणासाठी काय उचलावं?

एका रविवारी सकाळी बाबा झाडाखाली खुर्ची टाकून बसले होते. आम्ही दोघी समोर. ते म्हणाले, "तुमचे हे दोघे, एक पुढे राहतो, एक मागे. एकसारखे कुठे आहेत ते सांगा बघू."

मी तयारच होते. धडाधड सांगायला लागले. कोळी पळतो, फणसांबा हलत नाही. कोळ्याला डोळे आहेत, ह्याला नाहीत. कोळ्याला लोक भितात, ह्याचं औषध होतं. तो काल आला, हा चार वर्षांपासून आहे.

"अगं, हे फरक झाले," बाबा म्हणाले. "फरक कोणीही सांगेल. सारखं काय ते सांग."

मी विचार केला. "दोघं चिंचेवर राहतात."

"तो पत्ता झाला," बाबा हसले.

ती मुलगी झाडामागे जाऊन फणसांब्याशी वाकून आली. मग तिनं विचारलं, "मामा, फणसांब्याला तोंड आहे काय?"

"नाही."

"मग खातो कोठून?"

बाबांनी सांगितलं की फणसांबा आपल्या धाग्यांतून लाकडात एक रस सोडतो. त्या रसानं लाकूड विरघळतं, आणि मग ते विरघळलेलं तो शोषून घेतो. हे मला माहीत होतं. दोन वर्षांपूर्वीच त्यांनी मला सांगितलं होतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात ती उडी मारून उभी राहिली.

"हा पण तसाच, मामा! हा चावून गिळत नाही. मी रोज पाहूंलागलें. झुरळावर पाणी सोडतो, झुरळाचं आतलं रसम होतं, मग तो पितो. दोघेही बाहेरच रांधतात आणि मग पितात!"

बाबा खुर्चीतून उठलेच. त्यांनी मांडीवर थाप मारली. "अगदी बरोबर! पोटात चूल नाही दोघांच्या. शिजवायचं बाहेर, प्यायचं आत!" मग आईला हाक मारून सांगितलं, जेवताना पुन्हा सांगितलं, दुसऱ्या दिवशी डेपोतही सांगितलं असणार. मी पानावरचं रसम बाजूला सारलं. ते त्या घरातूनच आलेलं होतं.

खरी कळ कुठे लागली ते सांगते. तिनं कोळ्याबद्दल काही हुशारीचं सांगितलं असतं तर मी सोसलं असतं, कोळी तिचा होता. तिनं माझ्या फणसांब्याबद्दल सांगितलं. चार वर्षं मी त्याचा घेर मोजत होते आणि तो जेवतो कसा याचा विचार तिनं एका सकाळी केला. आणि त्याच सकाळी बाबा मला म्हणाले, "बायो, तुझी हातोडी दे जरा तिला. ठोकून बघू दे." मी दिली. तिनं दोन्ही हातांनी धरली, अशी की देवाची वस्तू असावी. दांड्यावर तिच्या हाताचा घाम लागला. संध्याकाळी मी तो राखेनं घासला.

कार्तिकात वादळ झालं. मद्रासला ते नवीन नसतं, पण त्या वर्षी कॉलनीच्या दुसऱ्या टोकाला एक झाड सायकलींच्या शेडवर कोसळलं. कोणाला लागलं नाही, तरी लोक आपापल्या अंगणातल्या झाडांकडे मान वर करून बघायला लागले. पाऊस थांबला त्या सकाळी मी हातोडी घेऊन मागे गेले.

पहिला ठोका मी ढोलीखाली मारला, शेजारच्यांच्या बाजूला. थप.

मग फिरून डावीकडे. टण. फणसांब्याच्या बाजूला, थोडं वर. टण. चौथा आमच्या न्हाणीकडच्या अंगाला. टण, आणि असा की हातोडी हातात उसळली. ओलं जिवंत लाकूड इतकं स्वच्छ वाजेल असं मला वाटलं नव्हतं.

मी तिथेच उभी राहिले. खोटं बोलायचं माझ्या मनात नव्हतं. खोटं बोलले तर बाबा ओळखतात, हे मला माहीत होतं. पण एक खरा ठोका माझ्याकडे होता. झाड गेलं की ढोल जाईल, ढोल गेली की कोळी जाईल, कोळी गेला की बाबा घरी येऊन आधी बूट काढतील. मी इतकाच हिशोब केला. झाडाबरोबर फणसांबाही जाणार हे माझ्या लक्षातच आलं नाही, यावरून काय ते समजा.

दुपारी बाबा जेवायला बसले होते. मी वाढता वाढता म्हटलं, "बाबा, मागची चिंच मी ठोकली. ढोलीखाली थप वाजतंय. त्यांच्या कौलांवरच येईल ती."

बाबांचा घास हातात राहिला. "थप?"

"थप."

ते उठून बघायला जातील असं मला वाटलं. जावेत असंही वाटलं, खोटं कशाला सांगू. पण ते आईला म्हणाले, "हिचा कान आता माझ्यापेक्षा तयार झालाय. हिनं ठोकलंय म्हटल्यावर मी परत काय ठोकणार?" आणि घास तोंडात घातला.

त्या दिवशी आमटीभात आणि केळफुलाची भाजी होती. एवढं चविष्ट जेवण मी पुन्हा जेवले नाही.

बाबांनी कचेरीत चिठ्ठी दिली. झाड गुरुवारी पाडायचं ठरलं. बुधवारी त्या मुलीची आई वाटीभर पायसम घेऊन आली आणि माझ्या गालांवरून हात फिरवून म्हणाली, "तूं होतीस म्हणून बरं झालं गं राजा. नाही तर झाड आमच्या डोईवर येतें." मी पायसम प्यायले. गळ्याखाली उतरलं, अडकलं बिडकलं काही नाही. वाईटपणा करताना भूक मरते असं लोक म्हणतात, माझी मेली नव्हती.

मुलगी दारात उभी होती. तिनं एवढंच विचारलं, "अक्का, तो कोठें जाईल?"

"दुसरं झाड शोधेल," मी म्हटलं. "मद्रासमध्ये झाडांना काय तोटा?"

गुरुवारी मी शाळेत गेले. गणिताची चाचणी होती, आणि नसती तरी मी गेले असते. बाबांनी अर्ध्या दिवसाची रजा काढली होती. माणसं येण्याआधी कोळ्याला काडीनं बाहेर काढून डब्यात घ्यायचं आणि दूर कुठेतरी सोडायचं, असं त्या दोघांचं ठरलं होतं. त्या मुलीनं शाळा बुडवली.

चारच्या सुमाराला परत आले. फाटकातूनच ताज्या लाकडाचा वास आला. घर वेगळंच दिसत होतं, मागून एकदम उजेड. चिंच अंगणात आडवी पडली होती, पाडणारी माणसं फांद्या तोडत होती, आणि बाबा खोडावर बसले होते. शेजारी ती. ती रडत होती आणि बाबांचा हात तिच्या डोक्यावर होता.

सांगायला जीभ उचलत नाही, पण मला पहिल्यांदा दिसला तो फक्त हात. मनात आलं, आताही तिच्याच डोक्यावर.

मग तिच्या मांडीवरचं बदामाचं पान दिसलं. कोळी ढोलीतून निघालाच नव्हता. काडी घातली तसा तो आणखी आत गेला. तासभर बाबा खटपट करत होते. शेवटी करवत चालू करावी लागली. झाड पडल्यावर खोडाला तडा गेला आणि तो भर उन्हात बाहेर आला. एका लाकूडतोड्यानं घाबरून हातातली फांदी मारली. बाबा ओरडले, पण तोवर झालं होतं. पानावर तो मुठीएवढा दिसत होता. पाय सगळे आत वळले होते. पिवळा रंग कुठेच दिसत नव्हता.

"पावम," ती म्हणाली. बिचारा, एवढाच त्याचा अर्थ. तिनं कोणाला दोष दिला नाही. दिला असता तर मला बरं वाटलं असतं.

बाबा उठले. त्यांनी आपली मोठी हातोडी घेतली आणि राहिलेल्या बुंध्याशी वाकले. टण. सरकले. टण. पुन्हा सरकले. टण. मग ढोलीच्या बाजूला आले. थप. त्यांनी कापलेल्या जागेवर हात फिरवला. मीही पाहिलं. पोकळी ताटाएवढी, आणि तीही एका अंगाला. आत भुसभुशीत भुगा. आणि भोवती सगळीकडून वीतभर जाडीचं घट्ट, लालसर, रसाळ लाकूड. शेजाऱ्यांच्या कौलांना त्यापासून काही धोका नव्हता.

"मी स्लीपर समजलो," बाबा स्वतःशीच बोलत होते. "स्लीपर मेलेला असतो. जिवंत झाडाचं पोट मेलेलंच असतं, जीव सालीजवळ असतो. पोटातलं फणसांब्यानं खाल्लं, त्याची झाली ढोल, त्या ढोलीत कोळी राहिला. झाडाचं काय बिघडलं होतं? आणखी पन्नास वर्षं उभं राहिलं असतं हे."

म्हणजे त्या कोळ्याची खोली माझ्या फणसांब्यानंच रांधून, पिऊन, मोकळी करून ठेवली होती. मी ज्यांचं भांडण लावत बसले होते त्यांचं आपसात काही वैर नव्हतं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. अवघड स्लीपरकडे बघतात तसं.

"बायो, बाकीचे तीन ठोके कसे वाजले होते?"

आता माझ्यापुढे दोनच उत्तरं होती. 'टण' म्हणावं, तर मग सांगितलं का नाहीस, आणि त्याचं उत्तर एकच, मला त्या पोरीचा आणि तिच्या कोळ्याचा हेवा वाटत होता. ते बाबांसमोर, तिच्यासमोर म्हणायचं? जीव गेला तरी म्हटलं नसतं.

"ठोकलेच नाहीत," मी म्हटलं. "एकच ठोकला."

"एकच?"

"हो."

बाबा बघत राहिले. मला वाटलं ते ओरडतील. डेपोत एक ठोका मारणाऱ्या माणसाला ते फार बोलत. पण ते "हं," म्हणाले आणि हातोडीवरचा भुगा पुसायला लागले. माझं खोटं त्यांना कळलं की नाही ते मला आजतागायत माहीत नाही. हेवेखोर ठरण्यापेक्षा मी निष्काळजी ठरणं पत्करलं होतं. त्याचा अर्थ काय, ते मला तिथे उभ्या उभ्या कळलं नाही.

ती मुलगी उठली, आत गेली, आणि फडक्यात काहीतरी गुंडाळून घेऊन आली. "अक्का, हा घे. तुझा आहे. करवत लागायच्या आधी मी मामांकडून काढवून घेतला."

फणसांबा होता. अखंड. माझे सगळे दोरे, सगळ्या गाठींसकट, त्याला तसेच गुंडाळलेले होते.

पुढच्या उन्हाळ्यात तिच्या वडिलांची त्रिचीला बदली झाली. जाताना तिनं मला हाक मारली, मी खिडकीतून हात केला, बाहेर गेले नाही. फणसांबा मी सांभाळला. लग्नानंतर मुलांची तोंडं आली तेव्हा उगाळला, नातवंडांना उगाळला, अजून अर्धा आहे.

पण मला सांगायचंय ते दुसरंच. चिंच गेल्यावर सात-आठ महिन्यांनी बाबांनी ओसरीवर झोपाळा टांगायचं काढलं. त्यासाठी ऐनाची एक जाड फळी आणली, भिंतीला टेकवली आणि मला म्हणाले, "बघ गं ठोकून." किती दिवसांनी म्हणाले! आता मागे कोळी नव्हता, शेजारी ती नव्हती, बाबा संपूर्ण माझे होते. मी हातोडी आणली. दोन्ही टोकांना एकेक, मधे दोन्ही अंगांना एकेक. कान लावून ऐकलं, दोनदा ऐकलं.

"चारही टण, बाबा."

"शाबास," बाबा म्हणाले. मग त्यांनी कोपऱ्यातली आपली हातोडी उचलली, फळीशी वाकले, आणि पुन्हा ठोकली. चारही ठिकाणी.